नावाचा अंतरा

आमच्या गटाच्या पत्रकावर शेवटी संपर्कासाठी माझा नंबर असतो. त्या नंबरवर आजवर छापखान्याचे फोन आले, आणि एकदा कर्ज हवंय का असं विचारणारा. पत्रक वाचून आलेला पहिला फोन छायाताईंचा.

गट अकोल्याचा. आम्ही चौघं आहोत. पाचवा पुण्याला नोकरीला लागला. स्टेजवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्कांसाठी आम्ही पत्रकं काढतो आणि वाटतो. ती लोक घेतात, घडी करतात आणि खाली ठेवून त्यावर बसतात. मागच्या पत्रकाचं नाव होतं ‘गळा तुमचा, नाव कुणाचं?’ गाणं एकानं लिहायचं, चाल दुसऱ्यानं लावायची आणि नाव गायन पार्टीच्या मालकाचं लागायचं, हा त्याचा विषय. शेवटचं वाक्य माझं होतं: ‘आज, आत्ता, या क्षणी बाहेर पडा.’

छायाताई फोनवर म्हणाल्या, “जयभीम. तुमचं पत्रक वाचलं. मी पार्टी सोडली.”

मी म्हटलं, “अभिनंदन.”

“ते ठीक आहे. आता पुढे काय करायचं?”

मी पत्रक काढून पाहिलं. पुढे काय करायचं ते त्यात नव्हतं. चौथ्या पानावर जागा संपली होती. म्हणून मी नाशिकला गेले.

एकलहरे

जानेवारीत नाशिकला थंडी असते हे मला माहीत होतं. किती असते ते नाशिकरोड स्टेशनवर उतरल्यावर कळलं. छायाताई स्कूटी घेऊन बाहेर उभ्या होत्या. चाळिशीच्या, उंच, कानाला घट्ट स्कार्फ. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “एवढीशी आहेस होय. फोनवर मोठी वाटली.” आणि मग, “स्वेटर नाही आणलास?”

नाशिकरोड सोडलं की लगेच एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात. त्या दिसल्या म्हणजे आपण पोचलो असं नाही. त्या फार लांबून दिसतात. छायाताईंचं घर त्या चिमण्यांच्या बाजूला, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. नवरा थर्मलमध्ये ठेक्यावर. शिफ्टमुळे मला तो संपूर्ण मुक्कामात फक्त झोपलेला दिसला. चेहऱ्यावरून माणूस चांगला वाटला.

दोरीवरचे कपडे आत घेताना छायाताईंनी एकेक कपडा दोनदा झटकला. मी विचारलं, तर म्हणाल्या, “राख.” दुसऱ्या कपड्यापासून मीही न विचारता झटकायला लागले.

जेवायला बाजरीची भाकरी, मेथी आणि शेंगदाण्याचा ठेचा. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला आग्रहानं बेजार केल्याशिवाय यजमान ताटावरून उठत नाही. इथे एकदा विचारतात. मी पहिल्या खेपेला सवयीनं ‘नको’ म्हटलं आणि भाकरी खरोखरच परत गेली. दुसऱ्या खेपेपासून मी ‘नको’ म्हणणं सोडलं.

ज्यांनी ही गाणी समोर बसून ऐकलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, लग्नाला जी गायन पार्टी येते, तिच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. अमका म्हणे, तमका सांगे. त्या कडव्याला छायाताईंच्या पार्टीत नावाचा अंतरा म्हणतात. नाव येईपर्यंत गाणं संपलेलं नसतं आणि जाणता श्रोता जागचा हलत नाही. आमच्याकडे नाव आलं की शिट्टी पडते. इथे म्हातारी माणसं टोपी सरळ करतात.

दुसरा रिवाज असा की, शिष्यानं स्वतः लिहिलेल्या गाण्यातही नाव गुरूचंच घालायचं. एक दिवस गुरू म्हणतो, आता तुझं घाल. याला नाव देणं म्हणतात. छायाताई एकोणिसाव्या वर्षी रंगनाथदादांच्या पार्टीत कोरसला बसल्या, पुढे मुख्य गायिका झाल्या, गाणी लिहायला लागल्या, चाली बांधायला लागल्या. नाव मिळालं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी लिहिलेलं प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यात रंगनाथदादांचं आहे.

“एकूण किती गाणी?” मी विचारलं.

“मोजली नाहीत.”

“मोजायला पाहिजेत.”

“का?”

पत्रकात आकडा लागतो, असं मी म्हणाले नाही.

त्यांचं सगळ्यात चाललेलं गाणं राखेचं. परात पुसता पुसता त्यांनी ते म्हणून दाखवलं:

*वीज जाते दूर गावा, राख येते घरी गं,*
*परात घे पुसून आधी, थाप भाकरी गं.*

शेवटचं कडवं: *रंगनाथ म्हणे, मोज गं बाई, कुणाचा दिवा, कुणाची राख.* रंगनाथदादा राहतात पंचवटीच्या पलीकडे. तिथे राख पडत नाही. त्यांनी आयुष्यात परात पुसली असेल तर तसा पुरावा मला मिळाला नाही.

पार्टी सोडल्यापासून छायाताईंना एकही सुपारी आली नव्हती. या धंद्यात कार्यक्रम ठरवण्याला सुपारी म्हणतात. फोन यायचे. समोरचा विचारायचा, रंगनाथ पार्टी ना? यांनी स्वतःचं नाव सांगितलं की तो म्हणायचा, कळवतो. कुणी कळवलं नाही. अखेर एक सुपारी लागली ती हरसूलची. तिथल्या शाळेतले भोये सर पोरांचं एक मंडळ चालवतात, त्यांनी बाजाराच्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता.

छायाताई म्हणाल्या, “हरसूलला माझं नाव गाण्यात बसलं तर बसलं. नाही बसलं तर मी दादांकडे परत जाणार. कोरसला बसवतील. तेवढी जागा देतील.”

मी म्हटलं, “परत जाण्याचा प्रश्नच येत नाही.”

“तुझा कुठे येतोय.”

दुपारी तालीम झाली. पार्टी म्हणजे तिघं. पेटीवर स्वतः ताई. कोरसला त्यांची धाकटी जाऊ प्रमिला, तीही आधी दादांच्याच कोरसमध्ये, जिचा आवाज असा की मागची भिंत पुढे सरकावी. आणि ढोलकीवर बबनभाऊ, रंगनाथदादांची पार्टी सोडून ताईंबरोबर आलेला घराबाहेरचा एकुलता एक माणूस. मी त्यांना कारण विचारलं. मला निष्ठा, अन्यायाची चीड, असं काहीतरी लिहून घ्यायचं होतं.

बबनभाऊ म्हणाले, “ताईचं घर जवळ पडतं.”

गाणं सुरू झालं. आतल्या खोलीत नवरा झोपलेला, इकडे ढोलकी. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. राखेचं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत आलं आणि तिघंही थांबली. पेटीचा भाता मिटला.

“पुढचं?”

“नावाचा अंतरा तालमीत म्हणत नाहीत,” प्रमिला म्हणाली.

“का?”

“नाव तालमीत वापरलं तर स्टेजवर पडतं,” बबनभाऊ म्हणाले.

“ही अंधश्रद्धा आहे.”

छायाताई म्हणाल्या, “असेल. बाकीच्या सगळ्या सोडल्या आम्ही. ही एक राहिलीय.”

तरी चर्चा झाली, कारण अडचण खरी होती. ‘रंगनाथ’ सहा मात्रांचा, ‘छाया’ चार. नाव बदललं की ओळीत दोन मात्रांचं भोक पडतं. मी सुचवलं, “छायाताई म्हणे.”

“दोन जास्त झाल्या. आणि मीच मला ताई म्हणू?”

“छाया गं म्हणे,” प्रमिलाने सुचवलं.

“कुणाला हाक मारतेयस?”

“ते भोक मी भरतो, ढोलकीवर,” बबनभाऊ म्हणाले.

“तू भरशील रे. पण लोकांच्या कानात तिथे रंगनाथच वाजेल.”

मात्रांच्या प्रश्नावर आमच्या गटाची अजून भूमिका ठरलेली नाही. मी विषय बदलला आणि जाहीर केलं की मी रंगनाथदादांना भेटणार.

“भांडू नकोस,” ताई म्हणाल्या.

“मी भांडत नाही. मुद्दे मांडते.”

पंचवटी

कुंभमेळ्याच्या तयारीत नाशिकचे रस्ते खोदलेले होते. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याशी थांबून मागे बघायचा, मी अजून आहे का ते. मी म्हटलं, “काका, रस्ता कधी होणार हा?”

“होईल की. बारा वर्षांतून एकदा होतो.”

भांडणाआधी, म्हणजे मुद्दे मांडण्याआधी, मी मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पापड देतात. कारण कुणी सांगितलं नाही. पापड खाल्ला. मिसळीवर माझं काही मत झालं नाही आणि हे मी त्या हॉटेलात बोलून दाखवलं, त्यानंतर मला पाणी दोनदा मागावं लागलं.

रंगनाथदादांनी मेसेज करून कळवलं होतं: ‘भाजी घ्यायला येतो. तिथेच भेटू.’ मी मनात एक माणूस तयार ठेवला होता: सोन्याची अंगठी, मोठा आवाज, मागे दोन चेले. भाजीबाजाराच्या तोंडाशी एक बारीक म्हातारा स्वेटरवर जाकीट घालून उभा होता. त्यानं माझ्या हातात पिशवी दिली आणि कुजबुजला, “धर. मेथी वर ठेव, चेंगरते.”

दादांचा आवाज गेलेला आहे. घशाचं दुखणं, डॉक्टरनं मोठ्यानं बोलायला कायमची बंदी केली आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे चित्र असं झालं की चहूबाजूंनी हॉर्न वाजतायत, गल्लीतून टू-व्हीलर घुसतायत, कोथिंबीरवाले ओरडतायत, आणि त्यावर ऐकू जावं म्हणून मी घसा ताणून ओरडतेय, आणि समोरचा माणूस वांगी निवडत कुजबुजतोय.

“दादा, छायाताईंच्या गाण्यांत तुमचं नाव का?” मी ओरडले.

त्यांनी काहीतरी उत्तर दिलं.

“काय?”

“तिनंच घातलं म्हटलं. मी कधी सांगितलं, माझं घाल म्हणून?”

“तुम्ही नको म्हणालात का?”

त्यांनी एक वांगं परत ठेवलं. “नको कोण म्हणतं?”

“याला शोषण म्हणतात.”

“काय म्हणतात?”

“शोषण!”

वांगीवाली बाई उठून उभी राहिली. “ओ मॅडम, म्हातारं माणूस आहे. हळू बोला ना जरा. काय घरचं असेल ते घरी बोला.” शेजारच्या टोमॅटोवाल्यानंही मान हलवली. मी त्यांना सांगणार होते की ही सांस्कृतिक क्षेत्रातली पिळवणूक आहे. पण हातात पिशवी होती आणि पिशवीत मेथी वर ठेवायची होती.

दादा मला कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर घेऊन गेले. तिथे त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“तुला तिनं पाठवलं?”

“नाही. मी आले.”

“मग तिला सांगू नको की मी बोललो. सांगशीलच तू. सांग.” त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीतली मेथी नीट केली. “मीही माझ्या गुरूचं नाव घालायचो. लय वर्षं. वाट बघायचो आज देतील, उद्या देतील. एकदा जयंतीला गुरू समोर बसलेले, आणि मी नावाच्या अंतऱ्यात माझं घातलं.”

“मग?”

“उठून गेले. नंतर बोलले नाहीत. मेले तेव्हा त्यांच्या पोरानं मला मागं उभं केलं.”

“पण सगळे तर म्हणतात तुम्हाला गुरूंनी नाव दिलं.”

“मीच सांगितलं तसं. दुसरं काय सांगणार? आणि माझ्या गुरूला तरी कुणी दिलं होतं, काय माहीत.” मग ते जरा माझ्याकडे सरकले. “तिला म्हणावं, विचारायला येऊ नको. पुढ्यात येऊन विचारलं तर मला नाहीच म्हणावं लागेल.”

“का पण?”

“आवाज गेलाय माझा, पोरी. तिच्या गाण्यात नाव येतं तेवढाच मी वाजतो आता.”

पिशवी घेऊन ते निघाले. माझ्याकडे एक तयार शेवट होता, ‘इतिहास तुम्हाला जाब विचारेल’ या अर्थाचा. तो ओरडून सांगावा लागला असता आणि वांगीवाली अजून बघत होती.

संध्याकाळी छायाताईंना सगळं सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. त्यांनी एक पातेलं बराच वेळ घासलं.

“दर वर्षी जयंती झाली की मी पेढे घेऊन जायचे त्यांच्याकडे,” त्या म्हणाल्या. “बसून राहायचे. चहा व्हायचा. वाटायचं, या वर्षी म्हणतील. वहिनी बिचारी दुसऱ्यांदा चहा टाकायची. आणि तिथे द्यायला काही नव्हतंच?”

“नव्हतंच.”

“घ्यायचं असतं होय.” पातेलं पालथं ठेवून त्या म्हणाल्या, “सांगायचं तरी.”

त्या रागावल्या होत्या, पण नेमकं कुणावर ते कळत नव्हतं आणि जवळ मीच होते. मी पत्रक काढायला बाहेर पडले.

हरसूल

पत्रकाबद्दल नंतर बरंच बोललं गेलं, म्हणून मजकूर जसाच्या तसा देते:

‘चलो हरसूल! आजवर खूप सोसलं, आता गप्प बसायचं नाही! जे हक्काचं आहे ते घेतल्याशिवाय जागचं उठायचं नाही! बाजाराच्या दिवशी सकाळी बाजारतळावर प्रचंड संख्येने उपस्थित राहा! आपली, छाया.’

खाली बारीक अक्षरात ‘गाण्यांचा कार्यक्रम’ असं होतं. झेरॉक्समध्ये ती ओळ गेली. भोये सरांना मी त्याचाच फोटो पाठवला आणि त्यांच्या मंडळातल्या पोरांनी तो न वाचता पाड्यापाड्यांच्या ग्रुपवर टाकला. मजकुरात चूक काहीच नव्हती. आजही नाही.

पिकअपमधून निघालो. पुढे ड्रायव्हर, ताई आणि प्रमिला. मागे स्पीकर, बबनभाऊ, मी आणि माझ्या मांडीवर पेटी. त्र्यंबक मागे पडलं की डोंगर सुरू होतात, आणि रस्ता सरळ जायचं असतं हे विसरून जातो. कापलेल्या भाताची खाचरं, उतारांवर वाळलेलं गवत, मधूनच एखादा पाडा आणि कुडाच्या भिंतींवर ऊन. आमच्याकडे जमीन सपाट. क्षितिज बघून माणूस ठरवतो आज कुठवर जायचं. इथे पुढचं वळण येईपर्यंत काही ठरवता येत नाही. हे मी बबनभाऊंना सांगत होते. ते म्हणाले, “गाडी थांबवा,” आणि खाली उतरून त्यांना उलटी झाली. चार वळणांनी पुन्हा झाली. तोंड धुऊन आले आणि म्हणाले, “तुम्ही बोला. माझं ध्यान नव्हतं.”

हरसूलला बाजार भरलेला होता. सुकी मासळी, मिरची, लोखंडी अवजारं, नागली, कोंबड्या. बाजारतळाच्या एका कडेला झाडाखाली सतरंज्या टाकल्या होत्या आणि तिथे माणसं बसलेली होती. आमच्या गटाच्या कुठल्याही सभेला मी एवढी माणसं पाहिलेली नाहीत. रांगा धरून बसली होती, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. जवळपास प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

भोये सर पुढे आले. शांत माणूस. “मॅडम, लोक मोर्चाला आलेत. वनजमिनीचे दावे आहेत यांचे, लय वर्षांपासून अडकलेले. कागद घेऊन आलेत.”

“पत्रकात मोर्चा असं कुठे लिहिलंय?”

“मोर्चा तेवढं नाही लिहिलेलं. बाकी सगळं आहे.”

एक हवालदार आले आणि मोर्चा कुठून निघणार ते त्यांनी विचारलं. कुठूनच निघणार नाही, गाणी आहेत, असं सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. ते झाडाच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसले.

मी म्हटलं, आपण उठून स्पष्ट सांगावं, दिलगिरी व्यक्त करावी. भोये सर म्हणाले, “डोंगरापलीकडून चालत आलीयत काही माणसं. दिलगिरी घेऊन कशी जातील?” त्या कागदांचं काय करायचं ते त्यांनी आणि मी पुढे पाहिलं, अजून पाहतोय, ते काम गाण्याएवढ्यात संपणारं नाही.

छायाताई सतरंज्यांकडे बघत होत्या.

“ताई, ही आपली माणसं नाय,” बबनभाऊ हळू आवाजात म्हणाले. त्यांचं पोट अजून जागेवर आलेलं नव्हतं. “यांना दादांचं नावपण ठाऊक नसंल.”

“मी तेच म्हणतेय,” ताई म्हणाल्या आणि पेटी पुढ्यात घेऊन बसल्या.

मोर्चाला आलेली माणसं गाणं वेगळ्या तऱ्हेनं ऐकतात. ती डोलत नाहीत. मुद्दा कधी येतो याची वाट बघतात. ताईंनी राखेचं गाणं धरलं. *वीज जाते दूर गावा.* पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “आपल्या पाड्याला तं येतच नाय,” आणि शेजारणीनं मान हलवली. परातीच्या ओळीला बायकांच्या बाजूला थोडी हालचाल झाली. भाकरीला काय लागतं ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त राख नवीन होती. ताईंचा आवाज मोकळ्या हवेत घरातल्यापेक्षा मोठा नव्हता, पण जास्त लांब जात होता. मागे मिरचीवाला माप अर्धवट धरून थांबला.

मग नावाचा अंतरा आला.

ताईंनी श्वास घेतला. ‘छाया’ त्यांच्या तोंडातून निघालं, आणि त्याच क्षणी प्रमिलानं डोळे मिटून, मागची भिंत सरकवणाऱ्या आवाजात ‘रंगनाथ म्हणे’ असं घेतलं. दोन्ही नावं एकमेकांवर आदळली आणि ‘रंगनाथ’ वर आलं. तालमीत ही ओळ एकदाही म्हटलेली नव्हती. प्रमिलाचा गळा वर्षानुवर्षं ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं गेला.

पेटी थांबली.

“प्रमिला.”

“सवयीनं झालं हो ताई.” तिनं तोंडावर हात ठेवला. “आता मी तोंडच उघडत नाही.”

“परत घेते,” ताई माइकवर म्हणाल्या. लोकांना त्यात काही वाटलं नाही. भाषणातही माणसं अडखळतात.

दुसऱ्यांदा प्रमिला गप्प. बबनभाऊंनी ढोलकी उचलून धरली, सहा मात्रांची जागा गोल भरून दिली. आणि त्या जागेत छायाताईंनी स्वतःच, स्वच्छ, सुरात म्हटलं, “रंगनाथ म्हणे.”

त्यांचा हात पेटीवर तसाच राहिला. मी बाजूला बसले होते, मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. मला वाटलं, संपलं. आता पेटी बंद करून त्या पिकअपमध्ये जाऊन बसतील आणि उद्या पंचवटीला जातील. माझ्या पिशवीत ‘आज, आत्ता, या क्षणी’च्या उरलेल्या प्रती होत्या. त्या मी बाहेर काढल्या नाहीत.

त्यांनी पेटीचा भाता मिटला. खटका लावला.

“बबन, तू वाजवू नको. कुणीच काही वाजवू नका.”

“भोक पडंल ताई,” बबनभाऊ म्हणाले.

“पडू दे.”

आणि त्यांनी नुसत्या गळ्यानं ओळ घेतली. *छाया... म्हणे.* दोन मात्रांच्या जागी काहीच नव्हतं. तेवढ्या जागेत बाजारातली एक कोंबडी ओरडली. मग *मोज गं बाई*, मग *कुणाचा दिवा, कुणाची राख*, आणि गाणं संपलं.

टाळ्या पडल्या नाहीत. टोपी कुणी सरळ केली नाही. गाणं संपलं हे त्यांना कळलं नव्हतं आणि काय झालं हे कळायचं काही कारण नव्हतं. पहिल्या रांगेतले एक आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. मांडीवरची पिशवी त्यांनी छातीशी धरली.

“ही छाया कोण?”

बबनभाऊंनी ताईंकडे पाहिलं, प्रमिलानं पाहिलं, भोये सर उत्तर द्यायला पुढे सरकले. मी त्यांचा शर्ट ओढला.

“मी,” छायाताई म्हणाल्या.

आजोबांनी त्यांना नीट बघून घेतलं. “मंग कागद तुझ्याकडं द्यायचं?”

“नाही बाबा. कागदातलं मला काही कळत नाही. मी गाणी लिहिते, म्हणते.”

“हेच, आता म्हटलं ते? तू लिवलं?”

“हो. मीच.”

आजोबांनी यावर थोडा विचार केला. कागद कुणाला द्यायचे हा त्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता. मग ते परत खाली बसले, पिशवी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “दुसरं हाय का? तं म्हण.”

छायाताईंनी पेटीचा खटका काढला.